पस्तीस लाटा

माझी मावशी डूख धरते. लहानपणी आईने तिची कंपासपेटी हरवली होती, तो विषय अजून दोघी भेटल्या की निघतो. त्यामुळे मोठ्या सरांनी केलेलं ती विसरेल असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही. वाटलं फक्त मोठ्या सरांना.

मावशी आमच्या कॉलेजात गणिताच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती आणि मोठे सर विभागप्रमुख. मुलांना फंक्शनचं नाव काढलं की घाम फुटायचा, म्हणून मावशीने स्वतःहून बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. शून्यापासून ठरावीक पायरीने पुढे जायचं, प्रत्येक पायरीला फंक्शनची किंमत काढायची, आकडे फाइलमध्ये टाकायचे, आणि मग ठिपके जोडून पडद्यावर आलेख काढायचा. साइनची लाट शून्यातून वर चढते, खाली उतरते आणि तीनशे साठ अंशांत पुरी होते, हे मुलांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

वर्षभरात प्रयोगांचं पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर ‘प्रोग्राम व आलेख’ आणि पुढे मोठ्या सरांचं नाव. मावशी त्यांच्या खोलीत गेली.

“सर, माझं नाव राहिलंय.”

“तुम्हीच लिहिलाय कशावरून?” सर हसले. “आपल्याकडे तोंडी काही चालत नाही, बाई. लिहून आणा कुणाकडून तरी.”

मग स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, “त्या नुसती बटणं दाबतात.” हाच माणूस तारीख राहिली म्हणून तिचा रजेचा अर्ज दोनदा परत पाठवायचा. मावशीने चार वर्षं ते वाक्य पोटात ठेवलं. मला विचाराल तर मी चार दिवससुद्धा ठेवलं नसतं.

मग बाहेरून तपासणी समिती येणार असं ठरलं. कॉलेजला पस्तीस वर्षं झाली होती, म्हणून सरांच्या डोक्यातून निघालं की पडद्यावर साइनच्या पस्तीस लाटा दाखवायच्या, वर्षाला एक. मावशीने तालमीला एक हजार दोनशे साठ पायऱ्या घेतल्या. जुनं मशीन रखडत ठिपके टाकू लागलं. सरांना कुठला धीर!

“एवढे ठिपके कशाला? नेहमी छत्तीस पायऱ्या घेतो ना, तेवढ्याच ठेवा.”

नेहमी छत्तीस, कारण नेहमी लाट एकच असायची आणि पायरी दहा अंशांची. पस्तीस लाटांना छत्तीस पायऱ्या म्हणजे एक पायरी साडेतीनशे अंशांची. दोन ठिपक्यांच्या मध्ये जवळजवळ अख्खी लाट गडप, आणि प्रत्येक ठिपका लाटेवर दहा अंश मागे. मावशीने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“लिहून द्या, सर.”

सरांनी चिठ्ठी लिहून दिली. घरी आल्यावर मावशी चहा पिताना एकटीच हसत होती. मी म्हटलं, “सांगणार नाहीस त्यांना?”

“विचारलं तर सांगेन. त्यांनी कधी विचारलंय मला?”

समितीच्या दिवशी मी मागच्या बाकावर मुद्दाम जाऊन बसले. सरांनी पस्तीस वर्षांवर भाषण ठोकलं आणि ऐटीत पडद्याकडे हात केला. पडद्यावर एकच लाट आली. गुळगुळीत, देखणी, आणि उलटी.

समितीतल्या वयस्कर बाईंनी चष्मा वर केला. “पस्तीस म्हणालात ना? आणि साइन आधी खाली कशी गेली?”

“मशीन जुनं आहे, मॅडम.”

“मशीनचे आकडे बरोबरच असतील. पायरी केवढी घेतलीत?”

सरांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने खिडकीकडे पाहिलं. सरांचं कपाळ ओलं झालेलं मला मागच्या बाकावरूनही दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

“मॅडम, प्रोग्राम माझा नाहीच!” सर एकदम म्हणाले. “सगळा ह्या बाईंनी लिहिलाय. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मी हातसुद्धा लावलेला नाही.”

समितीतल्या बाईंनी समोरचं प्रयोगांचं पुस्तक उचललं, मुखपृष्ठ वाचलं आणि सरांकडे बघत राहिल्या.

मावशी उठली. छत्तीस खोडून तिने एक हजार दोनशे साठ लिहिले आणि बटण दाबलं. ठिपके रखडत आले, पण आले. मी मोजल्या, पस्तीस लाटा होत्या, आणि पहिली वर चढत होती.

मग तिने पर्समधून सरांचीच चिठ्ठी काढली, कोरी बाजू वर करून त्यांच्यापुढे ठेवली आणि शेजारी पेन ठेवलं.

“तोंडी चालत नाही ना, सर? आत्ता जे बोललात ते लिहून द्या.”

समिती बघत होती. सरांनी लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी सरकवली. मावशीने ती सावकाश वाचली आणि परत त्यांच्यापुढे ठेवली.

“तारीख राहिली, सर.”