हिरव्या घराचं पाणी

पुस्तकात छापलेलं सगळं आपल्याच गल्लीला उद्देशून लिहिलंय, असं मानणारा माणूस जगात एकच, आणि तो माझा मामा.

बेळगावजवळच्या पिरनवाडीत आमच्या दोन खोल्यांत आई, मामा आणि मी. मार्च सरला की गल्लीतली विहीर तळ दाखवायची, मग टँकरच्या रांगेत घागरी लावायच्या. पाण्यापायी आईचे मजुरीचे कितीतरी रोज बुडाले. मी दहावीची उजळणी त्या रांगेत उभ्यानं केली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि ती त्या रांगेतून आलीय.

मामा सातवी शिकलेला, जांबोटीच्या बसवर कंडक्टर. निवृत्त झाला आणि पृथ्वी कशी तापते, पाणी कसं आटतं, पुढच्यांसाठी काय राखायचं, असल्या पुस्तकांच्या नादी लागला. बेळगावच्या वाचनालयातून पुस्तक आणायचा, खूण म्हणून जुनं तिकीट घालायचा आणि वाचलेलं त्याच दिवशी अमलात आणायचा. अंघोळीचं पाणी केळीला, भांड्यांचं अळवाला. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या वडिलांनी अर्धा पेला पाणी तसंच ठेवलं. मामा म्हणाला, "पाव्हणं, संपवा, न्हायतर उठून तुळशीला घाला." ते उठले, तुळशीला घातलं आणि तसेच चपला घालून गेले. मामा मला म्हणतो, "सुटलीस! त्या घरात पाण्याची किंमत न्हाय."

अवघड शब्द आला की तो माझ्याकडं यायचा. "शिकल्यालीस न्हवं? हरितगृह म्हंजे काय गं?" मी वेणी घालत होते. पुस्तकाकडं न बघताच म्हटलं, "हिरवं घर, आणि काय!"

पुस्तकात होतं, हरितगृह परिणामामुळं पृथ्वी तापते. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या अण्णांनी दुमजली घराला पोपटी रंग दिलेला. मामा रस्त्यात उभा राहून ओरडला, "अण्णा, रंग बदला! तुमच्या घरानं पृथ्वी तापाय लागलीया!"

"तुमचं डोस्कं तापलंय कंडक्टर. फुडच्या स्टॉपला उतरा!"

दोघांचं बोलणंच बंद झालं. खरा अर्थ मला पुढं कळला, पण पदवीवालीनं चुकले म्हणायचं कसं?

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीनं ठरवलं, कोरडी विहीर बुजवायची आणि तिथं गाड्या लावायच्या. मामा हादरला. पुस्तकात त्याला 'पुनर्भरण' सापडलं होतं. या खेपेला मी नीट वाचून सांगितलं, छपराचं पाणी खडी-वाळूतून गाळून विहिरीत सोडायचं, म्हणजे रिचार्ज. मामा बैठकीत उभा राहिला, "एक पावसाळा द्या. हिरीला रिचार्ज मारू!"

"किती जीबीचा, मामा?" गल्ली लोळून हसली. शेवटी एक पावसाळा मिळाला. पण विहिरीलगत मोठा स्लॅब एकच, पोपटी घराचा. अण्णा म्हणाले, "माझ्या घरानं पृथ्वी तापती न्हवं? मग त्याचं पाणी कशाला पायजे?"

मामा घरी आला, पुस्तक मिटून फळीवर ठेवलं आणि न जेवता बसून राहिला. ते मला बघवेना. मी अण्णांच्या दारात गेले. "अण्णा, चूक माझी हाय. हरितगृह म्हंजे उन्हाची ऊब कोंडणारं काचेचं घर. मी मामाला न बघताच सांगितलं."

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बी.ए. झालीस न्हवं गं?"

"झाले. पण पुस्तक उघडलं न्हवतं."

ते इतके हसले की त्यांची बायको आतून बाहेर आली. "कंडक्टरला बलीव. पायपा कुठनं न्यायच्या ते दाव म्हणावं."

मामाला सगळं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "म्हंजे रंग चांगलाच हुता की गं!"

आता मामाला अक्षर दिसत नाही. संध्याकाळी मी वाचते, तो जुनं तिकीट बोटांत धरून ऐकतो. अवघड शब्द आला की मी म्हणते, "थांब मामा, बघून सांगते." तो थांबतो.

यंदा मे सरला, आणि विहिरीत पाणी होतं.