भेटण्याची वेळ पाच ते सहा

जनार्दन गेले त्या सकाळी जो येई तो माझा हात धरून एकच सांगे, "तुम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाहीत." आज काही आठवडे झाले, तरी सोसायटीच्या गेटपाशी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हेच वाक्य कानावर येतं आणि मी मान हलवून पुढे निघते. थांबले तर काय बाकी राहिलं ते सांगावं लागेल, आणि ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

जनार्दन बंदराजवळच्या एका गोदामात सुपरवायझर होते. मूळचे खाडीकाठचे, आगरी. त्यांचं गाव विमानतळात गेलं आणि माणसं पांगली. कोणी उलव्याला घर बांधलं, कोणी करंजाड्याला. आम्हीही करंजाड्यातच फ्लॅट घेतला. मी साताऱ्याकडची, ज्युनियर कॉलेजचं ऑफिस सांभाळणारी. परीक्षेच्या दिवसांत अख्खं कॉलेज माझ्या याद्यांवर चालतं असं प्राचार्य म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. लग्नानंतर मला सगळ्यात जड गेलं ते सासरकडचं येणं-जाणं. फोन नाही, निरोप नाही, माणसं सरळ घरात येऊन बसत. एकदा मी कुरकुरले तेव्हा जनार्दन म्हणाले, "अगो, गाव तर गेला. आता मानसं येतात-जातात तेवढाच गाव." ते बोलत असत असं अधूनमधून. मी भांडी आवरायला उठले असेन.

दोन घास खाल्ले की पोट भरतं, एवढीच त्यांची तक्रार होती. ॲसिडिटीच्या गोळ्यांवर आम्ही बरेच दिवस काढले. मग एंडोस्कोपी, बायॉप्सी, पेट स्कॅन... डॉक्टरांनी सांगितलं की जठराचा कर्करोग आहे आणि तो यकृतापर्यंत पोचला आहे. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. केमोने काही काळ आवरता येईल, बरा होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जनार्दन पंख्याकडे बघत होते. मी पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, "पुढची तारीख कधीची?" त्या क्षणी माझ्या मनात दुःखाआधी कामाला सुरुवात झाली होती. घरी आल्यावर मी फाइल केली, रिपोर्टांसाठी एका रंगाचे कप्पे, बिलांसाठी दुसऱ्या. जनार्दन गमतीने म्हणायचे, "मॅडम, माजी सही कुठं पायजे?"

दुसऱ्या केमोनंतर त्यांच्या पांढऱ्या पेशी एकदम उतरल्या, ताप भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "काही दिवस गर्दी टाळा, बाहेरचं खाणं नको." काही दिवस. ते शब्द मी ऐकले, पण डोक्यात राहिलं ते फक्त "गर्दी टाळा." दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या प्रिंटरवर एक कागद काढला. भेटण्याची वेळ सायंकाळी पाच ते सहा. एका वेळी एकच व्यक्ती. खाद्यपदार्थ आणू नयेत. तो लॅमिनेट करून घेतला आणि दारावर लावला. जनार्दनांनी भिंतीला धरून बाहेर येत तो वाचला. "दवाखाना उघडलास काय?"

"तुमच्यासाठीच आहे."

"बरा," ते म्हणाले आणि आत जाऊन पडले.

पाच ते सहा ही वेळ मी निवडली कारण तेव्हा मी कॉलेजातून आलेली असे. त्या वेळेला त्यांची माणसं कामावर असतात, दुकानात असतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. की आलं होतं आणि बरंच वाटलं होतं? त्यांची धाकटी बहीण मंदा एका रविवारी सकाळी निवट्यांचा रस्सा घेऊन उलव्याहून रिक्षाने आली. निवटे, खाडीच्या चिखलातले मासे, म्हणजे जनार्दनांचा जीव. मी तिला दारातच कागद दाखवला. ती म्हणाली, "वहिनी, मी लांबूनच बघते त्याला. डबा तेवढा घ्या." मी डबाही घेतला नाही. त्यांच्यात कोणाचा डबा रिकामा परत पाठवत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. मी भरलेला परत पाठवला. आतून जनार्दनांनी विचारलं, "कोन आलता?" मी म्हटलं, "कुरियर."

हळूहळू कोणी येईनासं झालं. मला वाटलं, चला, नियम लागू पडला. केमोचा परिणाम थांबला तशी मी दुसऱ्या औषधाच्या मागे लागले. अगोदर नवी मुंबईतलेच एक तज्ज्ञ, मग खाडीपलीकडचं मोठं हॉस्पिटल. कोणी इम्युनोथेरपीचं नाव काढलं की मी ते लिहून घेई, कोणी चाचणीत असलेल्या नव्या औषधाचं सांगितलं की त्याचा पत्ता काढी. जनार्दनांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून फाइल घेऊन मी एकटीच जात असे. कामवाल्या मावशी दुपारी जात त्या संध्याकाळी येत. मधल्या वेळात ते एकटेच. फोन उशाशी ठेवलेला असे, पाणी, गोळ्या, सगळं हाताशी. व्यवस्था चोख होती.

शेवटचं मत घ्यायला मी पुण्याला गेले. डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी फाइल पानापानाने वाचली आणि म्हणाल्या, "इतकी व्यवस्थित फाइल क्वचित बघायला मिळते." मला बरं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. मग त्यांनी फाइल मिटली. "ते दिवसभर काय करतात?"

मी वजन सांगितलं, हिमोग्लोबिन सांगितलं, किती वेळा उलटी होते ते सांगितलं.

"ते फाइलमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "ते काय करतात? कोणाशी बोलतात? त्यांना काय हवंय?"

मी परत फाइलकडे हात नेला. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे त्यांनी सांगितलं की आता कुठलंही औषध दिलं तरी फायद्यापेक्षा त्रास जास्त होईल, राहिलेले दिवस दवाखान्याच्या वाऱ्यांमध्ये जातील. वेदना आवरण्याचे उपचार घरीच करता येतील, ते त्यांनी लिहून दिलं. उठताना म्हणाल्या, "तुम्ही घरी जा आता." मी संध्याकाळपर्यंत थांबून अजून एकांना भेटणार होते, ते सोडून दिलं आणि मिळेल त्या बसने परत आले.

आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा हसण्याचा आवाज आला. जनार्दनांचा. बालमित्र बाळाराम जिन्याच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. आमचं लाकडी दार उघडं होतं, जाळीचं दार बंद, आणि जाळीच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर उशी घेऊन जनार्दन. वरून विमान गेलं तसे बाळाराम म्हणाले, "हा बग, तुज्या बापाच्या गोठ्यावरशी गेला."

"मंग भाडा घे त्याच्याकडना."

"घेतो. पन शेण कोन काढल?"

मला बघून बाळाराम गडबडीने उठले, वर्तमानपत्र गोळा करायला लागले. मी विचारलं, "तुम्ही इथे बाहेर का बसलात?"

"पाच नाय वाजले ना वहिनी अजून."

मला तो टोमणा वाटला. पण ते टोमणा मारत नव्हते. "तुमी बोललात जंतू लागतील. म्हनून बाहेरच बसतो. तुमी जाता त्या दिवशी येतो मी, याला एकटा नको म्हनून." जनार्दन माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी त्याला किती बोललो, आत ये. ऐकत नाय. तुजा वचक हाय." आणि परत हसले. त्या हसण्यात माझ्यावर काहीच राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तिथेच तो कागद उपटला. चिकटपट्टीबरोबर दाराचा रंगही थोडा निघाला. जनार्दन म्हणाले, "सावकाश. काय मिळाला पुन्याला?"

मी म्हटलं, "काही नाही."

"बरा झाला," ते म्हणाले. "दमलीस ना? बस."

मग मी सगळ्यांना फोन केले. मंदाची माफी मागितली. ती दुसऱ्या दिवशी रस्सा घेऊन आली. जनार्दनांनी अर्धा चमचा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. गिळता आलं नाही. माणसं आली, पण उशीर झाला होता. दुखणं कमी करणाऱ्या औषधाने ते बराच वेळ झोपलेले असत. माणसं पलंगाभोवती बसून एकमेकांशी हळू आवाजात बोलत आणि उठून जात. ज्या दिवसांत ते जागे होते, बोलत होते, विमानांची भाडी ठरवत होते, त्या दिवसांवर मी वेळ छापून ठेवली होती.

बाळाराम अजून येतात. बहुतेक दुपारचे, सुट्टी असली की. पूर्वी हेच बाळाराम थेट स्वयंपाकघरात येत, फ्रिज उघडून बाटली तोंडाला लावत आणि मग मला विचारत, "वहिनी, जना कुठं हाय?" आता बेल वाजवतात. मी दार सताड उघडते, म्हणते, "या ना भाऊजी." ते "हां, येतो" म्हणतात, चपला काढतात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहतात, मी दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत.