मावशीची न झाडलेली खोली

ऑफिसं झाडणाऱ्या मावशीच्या घरातल्या मागच्या खोलीत भूत आहे, अशी गल्लीभर आवई होती. भूतबीत काही नव्हतं. मावशी ती खोली मुद्दाम झाडत नसे, एवढंच. भाच्याला मात्र ती स्वतःसाठी हवी होती.

“दिव्याखाली अंधार, मावशे! धूळ जपतेस होय?”

“पृथ्वी अशीच झाली, राजा. सूर्याभोवती धूळ गरगरत होती, कणाला कण चिकटत गेला. इथे काय होतंय, बघतेय.”

“काय होणार? धूळ पसरलेलीच असेल. पैज! जिंकलो तर खोली माझी.”

मावशीनं कुलूप काढलं. आत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. जमिनीवर धुळीचे करडे गोळे अंतर राखून बसले होते, आणि सगळ्यात मोठा सावकाश स्वतःभोवती फिरत होता.

भाच्यानं दार हलकेच ओढून घेतलं. “मी बाहेरच झोपतो,” तो कुजबुजला.