एका मैलाचा शिक्का

हॉलिन्डेनच्या चर्चमध्ये यात्रेकरूंच्या वहीवर शिक्का मारायचं काम वीस वर्षं मॅव्हिस टॅपसेलकडे होतं. वाटेतल्या चर्चचे शिक्के वहीत घेत कॅन्टरबरीच्या मोठ्या कॅथेड्रलला पायी निघालेले लोक घामाघूम होऊन दारात आले, की ती आधी चहा द्यायची, मग फ्रूटकेकचा तुकडा, आणि मग चष्म्यावरून बघत विचारायची, "सगळी वाट पायी?" जो उत्तर देताना अडखळला, त्याच्यापुढे शाईची डबी फटकन बंद. बिशपच्या पुतण्यालासुद्धा तिने तसाच वाटेला लावला होता, कारण गडी दोन मैल बसने आला होता. केक मात्र त्यालाही मिळाला. बाई कडक होती, पण कंजूष नव्हती.

स्वतः मात्र ती कधी गेली नव्हती. चर्च उघडणार कोण? शेवटी एकाहत्तराव्या वर्षी, गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्यावर, तिने किल्ली शेजारणीकडे दिली, नवी वही घेतली, पहिल्या पानावर आपल्याच हाताने शिक्का मारला आणि निघाली. ती वही भरून घरी आणायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चुनखडीच्या उतारावर गुडघ्याने संप केला. तेवढ्यात मागून गावातल्या क्लिफर्डची गाडी आली. मागच्या ट्रेलरमध्ये मेंढ्या.

"अगं, चालतेस की लोळतेस? चढ वर!"

"नाही रे, पायी जायचंय."

"पाच वाजता कॅथेड्रलमधलं शिक्क्याचं टेबल बंद होतं. मेंढ्या कुणाला सांगणार नाहीत."

मॅव्हिस चढली. मैलभरच, पण चढली.

कॅथेड्रलमधल्या टेबलामागच्या मुलीने वही चाळली, कौतुक केलं आणि हसून विचारलं, "सगळी वाट पायी?"

मॅव्हिसच्या तोंडातून 'हो' निघेना. बाहेर घंटा वाजत होत्या, वहीत शेवटची एकच चौकट रिकामी होती, आणि तिला लाज वाटत होती.

"एक मैल मेंढ्यांबरोबर आले."

मुलगी खळखळून हसली. "चालतं हो! पूर्वी लोक घोड्यावरून यायचे."

"आमच्या चर्चमध्ये नाही चालत," म्हणत मॅव्हिसने वही परत घेतली.

त्या रात्री ती तिथेच एका खोलीत राहिली. सकाळी बसने मागे गेली, काठी टेकत तो मैल चालली, पुन्हा बसने आली आणि त्याच मुलीपुढे वही आपटली. "आता मार."

पंधरा दिवसांनी चर्चच्या दारात एक जाडसर गृहस्थ आला. नेहमीचा प्रश्न ऐकून बिचारा कानापर्यंत लाल झाला. "एक स्टॉप बसने आलो. पायाला फोड आलेत."

मॅव्हिसने शाईची डबी बंद केली. गृहस्थाने पिशवी उचलली.

"कुठे निघालास? केक संपव. सव्वातीनची बस मागे जाते. फोडांना पट्ट्या लावू, आणि तो एक स्टॉप चालून येऊ."

"तुम्ही पण येणार?"

"मग? मला माहितीये, एकट्याला तो फार लांब वाटतो."

परतीच्या वाटेवर दोघं लंगडत, गप्पा मारत येत असताना क्लिफर्डने गाडी थांबवली. "बसता का रे?"

"पुढे हो!" दोघंही एकदमच ओरडले.