‘बस’ म्हणणारं कुणी

समजा, तुमच्या हातात देवदाराची फळी आहे, वहीच्या पुठ्ठ्याइतकी पातळ. धारदार पत्र्याने ती खरवडायची, बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायची, पुन्हा खरवडायची. जाड राहिली तर ऊद, म्हणजे ते अरबी तंतुवाद्य, घुमत नाही. जास्त पातळ झाली तर तारांच्या ताणाने ती आत बसते. आता सांगा, कुठे थांबाल?

बगदादच्या करादा भागातले ऊद घडवणारे उस्ताद मुवफ्फक चाळीस वर्षं स्वतःहून कधी थांबलेच नाहीत. त्यांना थांबवायची त्यांची बायको, नजीबाखाला. वाद्यावर वाकलेल्या माणसाला त्याचा खरा आवाज कळत नाही, असं उस्ताद म्हणतात. म्हणून ते कामाच्या खोलीत टकटक करायचे आणि अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरातून खाला ओरडायच्या, "अजून नाही." मग केव्हातरी "बस." की पत्रा खाली.

खालांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतरचा पहिला ऊद उस्तादांनी एकट्याच्या कानावर भरवसा ठेवून केला. तारा चढवल्या आणि आठवड्यात फळी खचली. पुढची फळी त्यांनी नॉर्वेतल्या लेकीला फोनवर ऐकवली. ती म्हणाली, "बाबा, मला सगळंच छान वाटतं." ती फळी आठ महिने फडक्याखाली पडून राहिली.

मी त्यांच्याच गल्लीतली, आवाजाचं तंत्रशास्त्र शिकलेली. माइक आणि लॅपटॉप घेऊन गेले. खालांच्या वेळचे तीन ऊद मिळवू, त्यांच्या फळीवर टकटक करून स्वर मोजू, म्हणजे कुठे थांबायचं त्याचा आकडाच हाती येईल, असं मी उत्साहाने सांगितलं.

"तुझं यंत्र रागावतं का?" उस्तादांनी विचारलं.

"नाही. आकडा दाखवतं."

"म्हणजे अर्धंच काम करतं."

तीन ऊद मिळाले. दोहोंचा स्वर अगदी जुळला. तिसऱ्याचा बराच खालचा निघाला. म्हणजे त्याची फळी जास्त खरवडलेली. वाजायला मात्र तोच सगळ्यांत गोड. माझं गणित अडलं.

उस्तादांनी तिसरा ऊद उजेडात तिरका धरला. फळीतल्या भोकावरच्या जाळीतून आतली चिठ्ठी दिसत होती. ऊद बंद करण्याआधी तिच्यावर ते स्वतःचं नाव आणि महिना लिहितात. त्यांनी वाचलं, "रमजान."

रमजानमध्ये दुपारची चूल पेटत नाही. भेंडीचा रस्सा नाही, भात नाही, वाट बघणारं ताट नाही.

त्यांनी नव्या फळीवरचं फडकं काढलं, पत्रा उचलला आणि स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिलं.

"पोरी, तू शिकलेली आहेस, मोजून सांग. ती आवाज ऐकून ‘बस’ म्हणायची, की माझं जेवण गार होतंय म्हणून?"