रुचाच्या नावाचे जव

मी खोटे बोललो, आणि तेही अशा बाईशी, जिने माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी धान्याच्या वासाविषयी आणि पौषातल्या उन्हाविषयी लिहीत जाईन आणि लिहिता लिहिता स्वतःला थोडे माफ करून बसेन, अशी मला भीती वाटते.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. सासरे गेल्यावर भंडाऱ्याकडच्या गावातले घर बंद करून सुनंदाने, माझ्या बायकोने, त्यांना भिलाईच्या आमच्या क्वार्टरमध्ये आणले. त्यांच्या पिढीत सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. मी खोलीत आलो की त्यांचा पदर पुढे येई आणि मला जे सांगायचे ते त्या सुनंदाला सांगत. सुनंदा घरी नसली तर भिंतीला. चहा झाला म्हणावं, असे भिंतीला कळवले जाई आणि मी जाऊन कप उचली. मी त्यांना मामी म्हणे. लेकीच्या घरचे अन्न बसून खाऊ नये, हा त्यांचा नेम इतका पक्का होता, की निवडायला तांदूळ उरले नाहीत तर त्या निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात घेत.

माझा नाद मात्र वेगळा होता. बावन्नाव्या वर्षी मला घरी एल करण्याचे वेड लागले होते. एल म्हणजे बिअरचाच एक जुना, तांबूस प्रकार. आदल्या हिवाळ्यात जवाच्या तयार पाकाच्या विकतच्या डब्यातून एक घाणा काढला होता, मित्रांनी तो कौतुकाने संपवलाही, पण मला ते दुसऱ्याच्या घरची भाजी गरम करून वाढल्यासारखे वाटत राहिले. या खेपेला सगळे धान्यापासून करायचे होते. धान्य भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे आणि मग कोमट पाण्यात त्याच्या पोटातला गोडवा हळूहळू बाहेर येऊ द्यायचा. पोलादाच्या प्लांटमध्ये माझे काम भट्ट्यांच्या आतल्या विटांचे. दीड हजार अंशांच्या खालची आच आम्ही आच म्हणून मोजतच नाही. इथे सगळे सदुसष्ट अंशांवर तोललेले. जरा जास्त झाले की धान्य मुके होते. आयुष्यभर ज्वाळेशी झुंजलेल्या माणसाला या नाजूकपणाची भूल पडावी, यात नवल नव्हते.

जामुलच्या एका दाणेवाल्याकडून जव आणले. दोनदा ते माझ्या हातून बुळबुळीत होऊन आंबले. तिसऱ्यांदा मी बादलीत हात घालून बसलो असताना स्वयंपाकघराच्या दारातून भिंतीला सांगितले गेले, की इतके दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यावर मोड कुठून येतील, जिवाला वारा नको का. मग थोड्या वेळाने, तितक्याच हळू आवाजात, "कायचं करून राहिले म्हनाव?"

सुनंदा शाळेत गेली होती. खरे सांगायला काहीच हरकत नव्हती. मामींच्या गावात मोहाची दारू कुणाला नवी नव्हती. पण माझ्या तोंडून निघाले, "रुचासाठी. सत्त्व."

रुचा आमची मुलगी. पुण्यात असते, तेव्हा तिला पाचवा महिना होता आणि चैत्रात ती बाळंतपणाला आमच्याकडे यायची होती. मी तिचे नाव का घेतले, हे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला विचारले. भीती नव्हती, लाजही फारशी नव्हती. जे उत्तर सापडले ते याहून वाईट आहे. भिंतीशी बोलणाऱ्या त्या बाईला खरे सांगण्याइतके मी कधी मोजलेच नव्हते.

त्यानंतर त्या घरात जे झाले ते मला आजही स्पष्ट दिसते. मामींनी बादली माझ्यापुढून ओढून घेतली. जव उपसले, निथळले, पुन्हा थोडा वेळ भिजवले, मग ओल्या पोत्यावर पसरून वर मलमल घातली. मार्गशीर्षातली थंडी, पहाटे अंगण धुक्याने भरलेले. आंघोळ करून, तोंडात पाण्याचा घोटही न घेता त्या दाणे वरखाली करीत, हलक्या हाताने पाणी शिंपडीत. चौथ्या दिवशी प्रत्येक दाण्याच्या बुडाशी पांढरी मुळे फुटली आणि खोलीत कापलेल्या काकडीसारखा गार, कोवळा वास भरून राहिला. मग वाळवण गच्चीवर गेले. प्लांटची काळी भुकटी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसते, म्हणून दिवसातून दोनदा त्या वरचे कापड झटकीत. दाणे खडखडीत झाले तेव्हा सांध्यांनी सुजलेल्या बोटांनी ते चोळून चोळून मुळे काढली, सुपाने पाखडले आणि पहिली मूठ देवापुढे ठेवली. सत्त्व म्हटले की दाणे भाजायचे असतात. भाजले असते तर माझे काम बिघडले असते, म्हणून मी सुनंदाकरवी कळवले, की डॉक्टरांनी न भाजलेले सांगितले आहे. एक खोटे उभे राहावे म्हणून दुसऱ्याचा टेकू. सुनंदाला सांगितले होते, की थोडे रुचाला पाठवीन आणि उरलेले माझ्या नादाला वापरीन. शाळेत परीक्षा चालू होत्या, तिने मान डोलावली.

रुचासाठी पाकीटभर काढून ठेवायचे मी खरोखर ठरवले होते. पण तराजूवर बरोबर पाच किलो भरले आणि माझ्या कृतीत पाचच लिहिलेले होते.

मायलेकी नंदिनी नगरला एका बारशाला गेल्या, तो रविवार मी निवडला. भरडलेले जव मोठ्या गंजात, सदुसष्ट अंशांच्या पाण्यात पडले आणि गंजाला रजई गुंडाळून मी तासभर शेजारी बसून राहिलो. झाकण काढले तेव्हा वाफेला शिजत्या लापशीचा वास होता, आणि चमचाभर द्राव जिभेवर ठेवला तर तो मधासारखा गोड. काही दिवसांपूर्वी जो दाणा दाताखाली नुसते पीठ होता, त्यात हा गोडवा कुणी आणला, हा प्रश्न मनात आला होता. मी तो ओलांडून पुढे गेलो. गाळले, हॉप्सची कडवट हिरवी फुले घालून उकळले, निववले, झाकणाला नळी लावलेल्या मोठ्या कॅनमध्ये ओतून यीस्ट टाकले, आणि संध्याकाळी त्या नळीतून पहिला बुडबुडा आला. घरी परतल्यावर मामींनी दारातच श्वास घेतला आणि भिंतीला म्हणाल्या, की आज आंबिलीसारखा वास येतो आहे. मी वर्तमानपत्र उलगडले.

आठवड्याने रुचाचा व्हिडिओ कॉल आला. मामींनी फोन दोन्ही हातांत धरून तिला विचारले, की सत्त्व दुधात घेतेस की पाण्यात, कडू तर लागत नाही ना. "कोनतं सत्त्व, आजी?" रुचा हसली. "मुझे तो कुछ मिला ही नहीं." मामींनी बोलणे मोडले नाही. तब्येत विचारली, जपून राहा म्हणाल्या, फोन सुनंदाला दिला. मग उठून, मी होतो त्या कोठीच्या खोलीच्या दारात आल्या. आत कॅन संथपणे बुडबुडत होता. पदर पुढे आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"जवाईबापू, दारूसाठी पाहिजे म्हटलं असतं, तरी म्या मोड आनून देल्ले असते. पोरीचं नाव कावून घेतलं?"

एवढे बोलून त्या वळल्या.

त्या दिवसापासून त्यांचे हात रिकामे राहिले. सूप खुंटीला, परात फळीवर. वाढलेले जेवत, पण मोजके, लांबच्या नात्यातल्या पाहुणीसारखे. मग सुनंदाने सांगितले, की आई संक्रांत झाली की गावी जाते म्हणते, तिच्या जाऊबाईंकडे. रुचाच्या बाळंतपणाला येशील ना, असे विचारले तर म्हणाली, माझ्या हाताचे काय आहे तिथे. हे सांगताना सुनंदा माझ्याकडे पाहत नव्हती. सगळे तिला कळले होते.

मी माफी मागितली, पण सुनंदाकरवी. मग संत्री आणली, लोकरीची शाल आणली; दोन्ही पिशव्या होत्या तशाच कपाटावर राहिल्या. दरम्यान बाटल्या तयार झाल्या. एका दुपारी एक उघडली. तांबूस, नितळ, पावाच्या कडेसारखा वास आणि शेवटी जिभेवर हलकेच उतरणारा कडवटपणा. चांगली झाली होती. बिघडली असती तर शिक्षा मिळाली असे मानून मी सुटलो असतो. ती चांगली झाली होती, आणि त्या चवीत माझे काय होते ते मला कळत होते. पाणी, आच आणि घड्याळ. बाकी सगळे एका म्हातारीने आपल्या नातीच्या पोटातल्या जिवासाठी उपाशीपोटी केलेले.

जावई मानाचा असतो. पाटावर बसवलेला माणूस पाटावरून माफी मागूच शकत नाही. तो फार तर संत्री पाठवू शकतो. हे उमगायला मला संक्रांतीचा आदला दिवस उजाडावा लागला. मामी मागच्या पडवीत उन्हात बसल्या होत्या, शेजारी बांधलेली पिशवी. मी आलेला पाहून त्या गडबडीने उठू लागल्या, खुर्चीकडे हात केला. मी खुर्ची घेतली नाही. त्यांच्यासमोर फरशीवर बसलो. जावयाने असे खाली बसलेले त्यांना पाहवेना, त्यांनी तोंड फिरवले. पण आता मध्ये ना भिंत होती ना सुनंदा; दुसऱ्याकरवी बोलायची वाट त्यांनाही नव्हती आणि मलाही.

त्या थांबतील की जातील, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि विचारण्याचा हक्कही मी गमावला होता. मी एवढेच म्हणालो, "मामी, मी तुमच्याशी लबाड बोललो. तुमची मेहनत घेतली अन् पोरीचं नाव लावून घेतली. दारूसाठी नाही, त्या नावासाठी माफी मागतो. माह्यं चुकलं."