बाबलीची न्हाणी

शिरगावच्या सुलोचना गावसने आयुष्यात नवऱ्याला न विचारता एकच बांधकाम काढलं, आणि ते चांगलं झालं. गवंड्याला तिने कधी बोल लावला नाही.

तिचा नवरा बाबली खनिजाचे ट्रक चालवायचा. साईश पोटात असताना सुलोचना परसातल्या न्हाणीकडे जाताना घसरून पडली, तेव्हा बाबलीने झोपायच्या खोलीचा एक कोपरा चिऱ्यांनी बंद करून आतच न्हाणी बांधायला घेतली. सुट्टीच्या दिवशी स्वतः सिमेंट कालवलं, हिरव्या लाद्या बसवल्या. उतार जरा चुकला. कोपऱ्यात साचलेलं पाणी सुलोचना केरसुणीने ओढून काढायची.

पुढे साईश मुरगावच्या बंदरात नोकरीला लागला, खाणी बंद पडून ट्रक थांबले, आणि बाबली विसरू लागला. आधी नावं, मग वाटा. तोवर पाणी भिंतीत मुरलं होतं. पोपडे सुटत, पलंगाचे पाय कुजले, बाबलीचा खोकला हटेना. त्यातच तो न्हाणीत पडला. साईश म्हणाला, सगळं फोडून नवं करूया. सुलोचना हो म्हणाली. बाबलीला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

वेंगुर्ल्याहून सिद्धेश मेस्त्री आला. त्याने लाद्या फोडल्या, खालची ओली माती उपसली, गळका पाईप बदलला. भिंतीला आणि जमिनीला पाणी अडवणारं औषध लावलं, तपासायला वर पाणी कोंडून ठेवलं. ते थेंबभरही उतरलं नाही. या दिवसांत बाबली बाहेर सोप्यावर बसून असे. हातोडा वाजला की म्हणे, शेजाऱ्याचं घर पाडतायत. सुलोचना होय म्हणे.

काम संपल्यावर तिने त्याला हाताला धरून आत नेलं. पांढऱ्या, पाय न घसरणाऱ्या लाद्या, धरायला दांडा. बाबली उंबऱ्यावर थांबला. पाहुण्याप्रमाणे त्याने चपला बाहेर काढल्या.

"कोणाचं हे?"

"आपलंच."

"आमची न्हाणी हिरवी. मी केलेली." मग तिच्याकडे बघून अदबीने म्हणाला, "माका घराक पोचवा. बायल वाट बघत आसतली."

तोवर तिचं नाव विसरला तरी ही आपली बायको, एवढं तो जाणून होता.

फोडलेल्या लाद्या वाटेवरच्या खड्ड्यात टाकल्या होत्या. सुलोचनाने चिखल उकरून एक तुकडा काढला, धुतला, त्याच्या हातात दिला. बाबलीने तो उलटसुलट करून पाहिला. बरा आसा, म्हणाला, आणि परत दिला.

नव्या न्हाणीत तो गेला नाही. ओढून न्यायला गेलं की लहान मुलासारखा रडे. मग ती परसात चुलीवर पाणी तापवी आणि दगडावर बसवून त्याला न्हाऊ घाली. ती पाठ चोळू लागली की तो संकोचून म्हणे, "तुमका उगाच त्रास."

पावसाळ्यात तो गेला. बाराव्याला आलेल्या साईशने खोलीच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "आई, बघ, एवढ्या पावसातही कोरडी."

सुलोचना हो म्हणाली. बाबली शेवटपर्यंत तिला 'तुमी' म्हणत राहिला, हे तिने साईशला सांगितलं नाही.